तांबडी भाकर

इंदूला भूक लागली की "मला भाकर दे" असं ती कधी म्हणाली नाही. चुलीपाशी येऊन उभी राहायची, नजर भलतीकडंच, बहुधा आढ्याकडं, आणि आईच्या हुबेहूब आवाजात विचारायची, "इंदे, जेवती का गं?" आईला आम्ही बाई म्हणायचो. बाईचा आवाज घोगरा होता. तो तसाच्या तसा घोगरेपणा त्या एवढ्याशा पोरीच्या गळ्यातून निघाला की नवखं माणूस दचकायचं. बाई रोज तिला तसं विचारायची आणि मग ताट मांडायची, म्हणून इंदूच्या लेखी त्या शब्दांचा अर्थच भाकर असा झाला होता. हे मला आता समजतं. तेव्हा शेजारच्या गोदाकाकू तोंडाला पदर लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "बघा गं, पोरगी आईची नक्कल करती." बाई हसायची नाही. ती मुकाट्यानं ताट मांडायची.

इंदू माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी. घरात आम्ही दोघीच. जामखेड तालुक्यातलं आमचं गाव, गावाच्या कडेला धाब्याचं दोन खणांचं घर, मागं गाईचा गोठा आणि त्यापलीकडं दादांची कोरडवाहू जमीन. दादा म्हणजे आमचे वडील. ते फार बोलत नसत, आणि इंदू तर बोलतच नसे म्हटलं तरी चालेल. दुसऱ्यांची वाक्यं मात्र तिच्या तोंडात अखंड असायची. एसटीच्या कंडक्टरचं "चला, म्होरं सरका" ती त्याच्याच तोऱ्यात म्हणायची. ते तिनं एकदाच ऐकलं होतं. हाक मारली तर वळायची नाही, पण दूर कुठं तरी एसटीचा हॉर्न वाजणार असेल तर आमच्या आधी तिचे हात कानावर जायचे. अंगात एकच हिरवा विटका फ्रॉक. दुसरा घातला तर अंगाला निखारा लागल्यागत काढून फेकायची, म्हणून ती झोपली की बाई तोच धुऊन वाळत टाकायची आणि उठायच्या आत पुन्हा अंगात घालायची. केस विंचरताना तर असा आकांत करायची की शेवटी बाईनं ते कात्रीनं आखूड करून टाकले. त्यावरनंही गावात बोलणं झालं. पोरीच्या जातीचे केस कापले म्हणून.

एक गोष्ट मात्र तिला मनापासून आवडायची. बाई सकाळी दळायला बसली की इंदू जात्याच्या कडेला येऊन निजायची आणि गाल जमिनीला टेकवायची. जात्याची घरघर जमिनीतून तिच्या गालात जात असली पाहिजे. तिचे डोळे अर्धे मिटायचे, हाताची बोटं सैल पडायची. बाई कधी कधी दळण संपल्यावरही थोडा वेळ जातं नुसतंच फिरवत बसायची. मी विचारलं तर म्हणायची, "न्हाई गं, उगं. ती निजलीय तवर."

खाण्याचं तिचं एकच होतं. पांढऱ्या जोंधळ्याची पातळ भाकर. बाजरीची नाही, कारण ती काळसर. कालवण नाही, गूळ नाही, भात नाही. गाय दूध देत असली तर भाकर कुस्करून दुधात, नाहीतर कोरडीच. भाकरीवर तव्याचा काळा डाग पडला असेल तर तेवढाच नखानं खरवडून बाई तिला वाढायची. मीही बहीणच, पण माझ्या भाकरीचे डाग कुणी काढत नव्हतं आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. आमच्या घराची ती रीतच होती, जशी दुसऱ्या कुणाच्या घरात देवाची असते.

बाईनं सगळं करून पाहिलं होतं. देवऋष्याचा अंगारा, गळ्यात ताईत, कुठल्याशा ठाण्यावर नारळ. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं बारा महिन्यांची असताना ताप मेंदूत गेला. दादा एवढंच म्हणायचे, "ती कुनाचं काय घेती? ऱ्हाऊ द्या तिला." त्या काळात आमच्या मुलुखात याहून मोठं शहाणपण दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

मग पाऊस गेला. एक साल गेलं, दुसरंही गेलं. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो. विहिरीच्या तळाशी उतरून बायका वाटीवाटीनं पाणी भरायच्या. गाय छावणीत गेली. शेतात कुसळ नव्हतं, तेव्हा गावातली सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागली. दादा पहारीनं दगड काढायचे, बाई आणि मी हातोड्या घेऊन फोडायला बसायचो. इंदूला घरी ठेवायची सोय नव्हती. बाई तिला बरोबर आणायची आणि जुन्या लुगड्याचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं बाभळीच्या खोडाला बांधायची. बाया बघायच्या. एकदा एकीनं तोंडावर म्हटलं, "बाई, ल्योक न्हाई म्हनून पोरीला जनावरागत बांधली व्हय?" बाईनं हातोडी थांबवली नाही. न बांधावं तर इंदू सुरुंग लावायच्या बाजूला चालत जायची, हे त्या बोलणारीला कोण समजावून सांगणार? शेकडो हातोड्यांचा तो आवाज, वर ऊन, आणि इंदू बाभळीखाली दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून पुढं-मागं, पुढं-मागं डुलत बसलेली. संध्याकाळी काम सुटलं की तिचे हात कानावरून काढावे लागायचे. ते तसेच ताठ झालेले असायचे.

घरातला जोंधळा सरत आला तेव्हा बाईनं आमचा वाटा बंद केला. आम्हाला रेशनवर मिळणारा मिलो सुरू झाला. परदेशातून आलेली तांबडी ज्वारी ती. तिचं पीठ तांबूस, भाकर वीटकरी रंगाची. गरम असताना तरी घास उतरायचा, गार झाली की चामड्यासारखी. पहिल्या दिवशी दादांनी एक तुकडा मोडला, खूप वेळ चावला आणि म्हणाले, "पोटाला काय रंग दिसतो व्हय?" आम्ही खाल्ली. इंदूसाठी मात्र उरलेल्या पांढऱ्या जोंधळ्यातला मूठभर बाई रोज वेगळा दळायची. तोही संपला. मग दादांनी माळ्यावरून बियाण्याचं मडकं उतरवलं. वर कडुनिंबाचा पाला, खाली राखेत घोळलेला निवडक शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, पांढरा, टपोरा. बाई म्हणाली, "बी खाल्ल्यावर पेरायचं काय?" दादा आभाळाकडं बघून म्हणाले, "पेरायला पाऊस कुठाय? दे पोरीला." पुढं ते बियाणंही संपलं.

ज्या दिवशी संपलं त्या दिवशी बाईनं इंदूपुढं पहिल्यांदा तांबडी भाकर ठेवली. मी शेजारीच बसले होते. इंदूनं भाकरीकडं पाहिलं. ओरडली नाही, फेकली नाही. दोन बोटांनी तिची कड धरून उचलली आणि उठून टोपलीत नेऊन ठेवली, चुकून दुसऱ्याचं ताट आपल्यापुढं आल्यासारखी. मग परत येऊन जागेवर बसली आणि म्हणाली, "इंदे, जेवती का गं?" बाईनं पुन्हा वाढली. इंदूनं पुन्हा नेऊन ठेवली. असं कितीदा झालं. दर वेळी तेच शब्द, बाईच्याच आवाजात. शेवटी बाईनं तोंडात पदर कोंबला आणि ती गोठ्यात निघून गेली. इंदू रिकाम्या ताटापुढं बसून राहिली. तिला राग आलेला नव्हता. ती नुसती वाट बघत होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगायला मला अजून जड जातं. बाईनं नाना खटपटी केल्या. कुठून तरी मूठभर तांदूळ आणून त्याचं पीठ तांबड्या भाकरीला वरून थापलं. इंदूनं भाकर मोडली, आतला रंग पाहिला आणि टोपलीत ठेवली. लहान मुलांना कामावर सुकडी वाटायचे, गोड पिठूळ खाऊ. बाकीची पोरं तिच्यावर तुटून पडायची. इंदूच्या ओठाला लावली तर तिला ओकारी यायची. ती पाणी प्यायची, मीठ चाटायची. आणि दिवसभर, बाभळीखाली, घरात, गोठ्याच्या दारात, एकच चाललेलं: "इंदे, जेवती का गं? इंदे, जेवती का गं?" खडी फोडताना बाईला ते ऐकू यायचं. ती हातोडी अशी मारायची की दगडाचा चुरा व्हायचा.

गोदाकाकू वाईट बाई नव्हत्या. स्वतःच्या पोरांच्या तोंडचा घास त्यांनी आम्हाला दिलेला मी पाहिला आहे. त्याच म्हणाल्या, "हट हाय हा पोरीचा. नाक दाबल्यावर तोंड उघडतंया. मरंल न्हाईतर." मरेल या शब्दानं बाईचं बळ संपलं असावं. दादांनी हात धरले, मी पाय धरले, गोदाकाकूंनी नाक दाबलं आणि बाईनं वाटपातल्या पुडीच्या दुधात, म्हणजे पांढऱ्या पाण्यात, कुस्करलेली मिलोची भाकर तिच्या तोंडात घातली. भर दुपार होती, दार उघडं होतं, उजेडात सगळं लख्ख दिसत होतं. इंदूच्या अंगात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. ती ओरडलीही नाही. तोंड भरलेलं होतं. तिचे डोळे मात्र आयुष्यात प्रथमच सरळ आमच्याकडं बघत होते, एकेकाकडं. मग सगळं उलटून पडलं, त्यात पित्त होतं, हिरवं. दादांनी हात सोडले आणि ते बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले. गोदाकाकू पण रडायला लागल्या.

त्या दिवसापासून इंदू चुलीपाशी येईनाशी झाली. ते वाक्यही थांबलं. ते ऐकू येईनासं झालं तेव्हा बाई खरी घाबरली. तिनं इंदूला पाठीशी बांधलं आणि ती चालत तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेली. मी बरोबर होते. डॉक्टर दमलेले होते, दारात रांग होती, कॉलऱ्याची, जुलाबाची माणसं. त्यांनी इंदूची पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले, "आजार काही नाही. मुलगी मंदबुद्धी आहे. भूक लागली की खाईल. तुम्ही लाड करू नका."

"साहेब, भूक लागलीय तिला," बाई म्हणाली.

"मग खाईल."

"खात न्हाई, साहेब."

डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हात केला. त्यांचा राग मला तेव्हाही आला नाही. बाई काय सांगत होती ते समजायला त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि समजावून सांगायला बाईजवळ शब्द नव्हता.

तो शब्द मला म्हातारपणी मिळाला. शेजारच्या घरातल्या सूनबाईंबरोबर, त्यांच्या मुलाला घेऊन, मी नगरला एका शिबिराला गेले होते. तिथं एक तरुण मुलगी आयांना समोर बसवून समजावत होती. स्वमग्न मुलं, ऑटिझम, असं ती म्हणत होती. काही मुलं एकाच रंगाचं, एकाच चवीचं खातात; हा हट्ट नसतो, वेगळं अन्न त्यांना अन्न वाटतच नाही. बळजबरी केली तर आहे तेही सुटतं. नवा पदार्थ नुसता शेजारी ठेवा, हात लावू द्या, वास घेऊ द्या, महिना जाऊ द्या, दोन जाऊ द्या. आयांचे गट असतात, फोन करा, एकट्या राहू नका. किती गोड बोलत होती ती मुलगी. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते, आणि सूनबाईंनी विचारलं, "मावशी, तुमचे डोळे का असे?" मी म्हणाले, धूळ गेली. महिना-दोन महिने जाऊ द्या, म्हणाली ती. खरंच होतं तिचं. पण शेजारी तांबडी ठेवायची तर समोर पांढरी लागते. आमच्याकडं पांढरी नव्हती.

डॉक्टरांकडून परतल्यावर बाई घरोघर हिंडली. दारात उभी राहून म्हणायची, "पांढरा जुंधळा असंल तर एक मूठ द्या. पोरीपुरता." तोवर कुणाच्या दारात न गेलेली माझी बाई. लोकांनी दिला. दुष्काळात माणसं देतात, हे मी पाहिलं आहे. कुणी कणगीच्या तळाची धूळ झाडून दिला, कुणी देवापुढच्या कलशाखालचे दाणे दिले. त्या मुठींवर इंदू जगली. पण चुलीपाशी ती आली नाही, गोठ्याच्या कोपऱ्यातच बसून असायची. बाईनं ताट गोठ्यात नेऊन ठेवायचं आणि मागं सरायचं, मग ती खायची. हळूहळू मुठीही आटल्या. दार उघडायच्या आधीच आतून "न्हाई वो, न्हाई ऱ्हायला" असं ऐकू यायला लागलं. तेव्हा एका सकाळी दादा म्हणाले, "आक्काकडं न्या तिला. तिकडं पाटाचं पानी हाय."

आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण, माझी आत्या. तिचं सासर देवळाली प्रवरा. ऊस, पाट, हिरवं शिवार, हे आम्ही ऐकून होतो. बाई एकटीला इंदू आवरली नसती म्हणून मीही निघाले. त्या एसटीच्या प्रवासाचं वर्णन मी करणार नाही; फक्त एवढंच की हॉर्न वाजला की इंदू डोकं समोरच्या सळईवर आपटायची आणि बाई आपला तळहात मध्ये घालायची. नगरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा बाईचा तळहात सुजून काळानिळा झाला होता. दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरनं आधी चढू दिलं नाही. "बाकीच्या पाशिंजरला तरास हुतो," म्हणाला. मग एक म्हातारे गृहस्थ पुढच्या बाकावरून उठून मागं गेले आणि म्हणाले, "बसू दे रे. आम्ही कान झाकून घेऊ." आणि गाडी सुटल्यावर त्यांनी खरोखरच कान झाकून घेतले.

आत्यानं दारातच इंदूला पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. तिच्या घरी कणगी भरलेली होती. तिनं ताबडतोब चूल पेटवली, पांढरं शुभ्र पीठ मळलं, जाड, टम्म फुगलेली भाकर केली आणि तूप घालून पुढं ठेवली. इंदूनं ती उचलली आणि दारातल्या दगडावर ठेवून आली. आत्याचा चेहरा पडला. "आता हिला काय विष वाढलं म्या?"

"वन्सं, जाड झाली ती," बाई म्हणाली. "तिला पातळ लागती. तूप न्हाई चालत. मला बसू द्या." बाई परक्या चुलीपुढं बसली. सुजलेल्या हातानं तिनं भाकर थापली, भाजली, डाग खरवडले. इंदू दूर भिंतीपाशी होती. बाईनं ताट ठेवलं आणि ती मागं सरली. खूप वेळानं इंदू आली. एक तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. मग दुसरा. आत्या पदरानं डोळे पुसत होती आणि बाई मात्र कोरड्या डोळ्यांनी एकेक घास बघत होती, जणू नजर हलवली तर ती थांबेल.

आत्याचे यजमान, आमचे मामा, तापट. इंदूनं पहिल्या दिवशी रेडिओला घाबरून जो आकांत केला त्यावर ते ओसरीवरनं म्हणाले, "घरात गडीमानूस हाय, सुना हायेत. ह्ये कोन संभाळनार?" आत्या आतून म्हणाली, "माज्या भावाची लेक हाय. उपाशी मरू देऊ?" रेडिओ त्याच दिवशी मामांनी शेतातल्या खोपीत नेऊन ठेवला. 

बाई तिथं राहिली तेवढे दिवस रोज आत्याला शेजारी बसवायची. आधी आत्या थापायची, बाई भाजायची, मग उलटं. आत्यानं एकदा बाईसारखंच "इंदे, जेवती का गं" विचारून पाहिलं, तर इंदूनं कान झाकून घेतले. म्हणून आत्यानं विचारणंच सोडलं. काही न बोलता ताट ठेवायची आणि पाठ करून उभी राहायची. इंदूनं एके दिवशी त्या ताटातली भाकर खाल्ली. ती पूर्ण आत्याच्या हातची होती. आत्या बाईकडं वळून हसली. बाईही हसली. पण मी तिचा चेहरा पाहिला. आपल्या मुलीनं दुसरीच्या हातचं खाल्लं म्हणजे आता आपल्याला जाता येईल, आणि जावं लागेल, हे दोन्ही तिला एकाच क्षणी समजलं होतं. गावाकडं दादा एकटे होते आणि रस्त्याचं काम सुटलं तर सगळ्यांचंच खाणं सुटणार होतं.

घरामागून पाट वाहायचा. इंदूनं असं वाहतं पाणी तोवर पाहिलंच नव्हतं. काठावर पालथी पडून ती पाण्यावरचा उजेड बघत राहायची, तासन्‌तास, आणि मध्येच खुदकन हसायची. ती तशी हसलेली मी आमच्या गावात कधी पाहिली नव्हती. ती पाण्यात पडेल म्हणून मामा कामं टाकून थोड्या अंतरावर येऊन बसायचे, तंबाखू मळत. निघायच्या सकाळी बाई तिच्या शेजारी जाऊन बसली. काय सांगणार? येते म्हणून? शाळू निघाला की नेईन म्हणून? बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, तिला स्पर्श आवडत नाही हे आठवून मागं घेतला, आणि ती उठली. इंदूनं वळून पाहिलं नाही. 

त्यानंतर घर इतकं शांत झालं की मला ते सहन होईना. बाई सवयीनं भाकरीवरचा डाग खरवडायची आणि मग ती भाकर हातात धरून बसायची. तांबडी भाकर, तिला कसला डाग. आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला तिकडं जायची, त्यांच्याकडून निरोप यायचा. पोरगी खाती. अंगावर मांस चढलं. रातचं उठून दार बघती. नंतर निरोप आला, आता दार बघत न्हाई. हा शेवटचा निरोप आणणाऱ्या माणसाला वाटलं आपण चांगली बातमी आणली. बाईनं त्याला पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली.

पुढच्या साली पाऊस झाला. दादांनी बियाणं आत्याकडूनच आणलं होतं. शाळू मोत्यासारखा आला. मळणी झाली, पहिलं दळण झालं, आणि बाई इंदूला आणायला निघाली. तिनं आत्याच्या निरोपावरून मापाचा अंदाज घेऊन हिरव्या कापडाचा नवा फ्रॉक शिवून घेतला, मऊ व्हावा म्हणून तो पुन्हा पुन्हा धुतला, दगडावर चोळला. मी अंगण सारवलं. गोठ्यातला तिचा कोपरा झाडून काढला.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. इंदू आत्याकडंच वाढली. तिथंच तिचे केस पिकले. आत्या गेल्यावर आत्याच्या थोरल्या सुनेनं तिला सांभाळलं, आणि ती सून माझ्याशी बोलताना "आमची इंदूताई" म्हणायची, त्यात काही खोट नव्हती. पाटाच्या काठावर मामांनी तिच्यासाठी एक फरशी बसवली होती. ती शेवटपर्यंत तिथं बसायची. तापानं थोडक्यात गेली. तिच्या वाट्याला वाईट दिवस आले असं मला म्हणता येणार नाही. आमच्यापेक्षा तिकडं ती सुखी होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी दरवर्षी पाहिलं. ते पाहून परत यायचं आणि बाईला सांगायचं, एवढंच काय ते अवघड होतं.

बाई इंदूला घेऊन येणार होती त्या दिवशी दादा आणि मी दुपार कलल्यावर फाट्यावर जाऊन बसलो. एसटी आली. धूळ बसल्यावर दिसलं, बाई एकटीच उतरली होती. काखेत गाठोडं, त्यातून नव्या फ्रॉकची हिरवी कड बाहेर आलेली. दादा उठून उभे राहिले.  त्यांनी बाईच्या काखेतलं गाठोडं घेतलं आणि ते चालू लागले. आम्ही त्यांच्या मागं. दोन्ही बाजूंना शाळूची धाटं कापून पडली होती, माणसं पेंढ्या बांधत होती, कुणीतरी लांबून हाक मारून "आली का पोरगी?" विचारलं. दादांनी पावलं भराभर उचलली.

ओढा ओलांडल्यावर मीच विचारलं, "बाई, तिनं वळखलं न्हाई का तुला?"

बाई चालत राहिली. पुढं बघत म्हणाली, "वळखलं की. माज्याकडं बघितलं. माजा हात तिच्या हातात घेतला तिनं. आपनहून घेतला, कुशे. कधी घ्यायची न्हाई." बाई थांबली. दादाही पुढं थांबले, पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "मला वाटलं आली आता. तिनं मला हाताला धरून दारापतूर आनलं, उंबऱ्याच्या भायेर उभं केलं, आन आत जाऊन बसली."

दादांनी गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "चल," ते म्हणाले, "दिवस मावळतोय." आणि आम्ही तिघं घरी आलो.